करार चालू असताना घरमालक भाडं वाढवू शकतो का?

करार संपायला पाच महिने आहेत आणि मालकाने 'पुढच्या महिन्यापासून भाडं वाढेल' असा मेसेज टाकलाय, ते द्यावंच लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

सहसा नाही. ठराविक मुदतीचा करार असेल तर त्या मुदतीपुरतं भाडंही ठरलेलं असतं. करारातच वाढीचं कलम असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी कागद काढून भाडेवाढ आणि नोटिशीची कलमं वाचा. सही करताना ती कुणीच वाचत नाही, मालकसुद्धा!

जुनं भाडं ठरल्या तारखेला बँकेतूनच भरत राहा. रागाच्या भरात भाडं थांबवू नका. थकबाकीदार ठरलात की घर रिकामं करून घ्यायला आयतं कारण मिळतं. वाढीव रक्कमही मुकाट्याने भरू नका, ती तुम्हाला मान्य आहे असा अर्थ निघू शकतो. मेसेजला लेखी उत्तर द्या: 'करारात या तारखेपर्यंत इतकं भाडं ठरलंय, मी तेवढं भरतोय.' पुरे.

मुदत संपली की मात्र मालक नवा आकडा सांगू शकतो. त्याला मर्यादा किती, हे तिथला कायदा ठरवतो. जर्मनीत राहत्या भाडेकरूचं भाडं साधारणपणे तीन वर्षांत 20 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही; कित्येक ठिकाणी असं बंधनच नाही. तिथे आसपासच्या तशाच घरांची भाडी दाखवून घासाघीस करायची.

वीज-पाणी तोडणं, परस्पर कुलूप बदलणं हे बहुतेक देशांत बेकायदा आहे. तसं झालं तर फोटो काढून लगेच तक्रार करा.