वाटणी आधी, बांध नंतर : पाणलोटाबद्दलच्या चार प्रश्नांना उत्तर

पाणलोटाबद्दल, म्हणजे ज्या शिवाराचं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला मिळतं त्याबद्दल, चार प्रश्न आले आहेत. ओढ्याच्या खालच्या अंगाचे एक शेतकरी विचारतात : वर नाला खोल केला, बांध घातले, आणि आमच्या विहिरी उन्हाळा लागायच्या आतच तळाला जायला लागल्या, दाद कुठे मागायची? वरच्या अंगाच्या एका ताईंचं गाऱ्हाणं बरोबर उलटं आहे : चर आमच्या माळावर, चराईबंदी आमच्या शेळ्यांना, पाणी मात्र खालच्यांना, मग आम्ही हे करायचं कशासाठी? तिसरा प्रश्न गावच्या पाणलोट समितीचा : कागदावर अकरा जण, कामाला तिघंच. चौथा, फवारणीचे पंप ओढ्यात धुण्याबद्दल.

पहिले दोन प्रश्न एकत्रच घेतो. दोघंही एकाच ओढ्यावर बसून भांडताहेत आणि दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं.

खालच्या दादांना आधी एक विचारतो : पाणी किती उतरलं, कधीपासून उतरलं, याची काही नोंद आहे का? बहुतेक ठिकाणी नसते. ‘पूर्वी मोट चालायची’ एवढ्यावर वरचा माणूस ऐकणार नाही. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करा. रात्रभर मोटार बंद ठेवा आणि सकाळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने किंवा गाठी मारलेल्या दोरीने मोजा. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि पाऊस उघडल्यावर एकदा हे मोजमाप चुकवू नका. मधे पंधरवड्याला घेतलं तर उत्तम. वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा सात-आठ विहिरी धरा, आणि मोजायला वरचा एक, खालचा एक असे दोघं बरोबर जा. हा शेवटचा भाग टाळू नका. एकट्याने आणलेला आकडा सभेत कुणी मानत नाही.

आकडे हाती आले की हिशोब अवघड नाही. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. १,००० हेक्टरच्या पाणलोटात ६०० मिलिमीटर पडला तर ६०० कोटी लिटर झाले. हा आकडा ऐकून सभा खूश होते, म्हणून मी लगेच दुसरा सांगतो. काळ्या खडकाच्या मुलखात झिजलेल्या दगडाच्या फटींमधून काढता येण्याजोगं पाणी आकारमानाच्या जेमतेम २ टक्के धरतात. म्हणजे त्याच १,००० हेक्टरमध्ये सगळ्या विहिरी सरासरी १ मीटर चढल्या, तर जमिनीखाली वाढलेलं पाणी साधारण २० कोटी लिटर. एका हेक्टरला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी (एकदाचं भिजवणं) द्यायला ५ लाख लिटर लागतात. तेव्हा एक मीटर चढलेल्या पाण्यात १०० हेक्टरच्या चार पाळ्या होतात, आणि पिण्याचं पाणी अजून त्यातून वजा करायचं आहे. एवढं फळ्यावर लिहिलं की पुष्कळांचा आवाज आपोआप खाली येतो.

आता दोष कुणाचा? नाला खोल करताना पाणी धरणारा मऊ थर कापून खालच्या कठीण खडकाला हात घातला असेल, किंवा वाळू उचलून नेली असेल, तर नुकसान खरंच खोदकामाचं आहे. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि उन्हाने उडून जातं. गाळ काढणं वेगळं, पात्र फोडणं वेगळं. पण मी पाहिलंय त्यात बांधापेक्षा बांधामागचं पीकच जास्त पाणी नेतं. पाणी दिसलं की मोटारी वाढतात, हंगामी पीक जाऊन बारमाही येतं, आणि दोन वर्षांत साठवण वाढूनही टंचाई पहिल्यापेक्षा लवकर येते.

हे सांगताना माझी स्वतःची चूक लपवत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका ओढ्यावर आम्ही आधी बंधारा बांधला आणि पाणीवाटपाची बैठक पावसाळ्यानंतर ठेवली. बैठकीच्या दिवशी काठावर सहा मोटारी बसल्या होत्या. ज्याची मोटार बसली त्याला वाटणीवर बोलायचंच नाही, हे तो न बोलताच सगळ्यांना कळलं. बांध कोरडा असेपर्यंतच वाटणी न्यायाने होते. एकदा पाणी चढलं की जागा धरलेला माणूस उठत नाही.

म्हणून वरच्या ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : फुकट करू नका. हे मी कृषी अधिकारी म्हणून सांगतोय. चंदीगडजवळ शिवालिकच्या पायथ्याला सुखोमाजरी नावाचं गाव आहे. चंदीगडचा सुखना तलाव १९५८ साली झाला आणि १९७० च्या दशकापर्यंत गाळाने निम्म्याहून अधिक भरला. गाळाचा माग काढत मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा या गावाच्या डोंगरावर पोहोचले. तिथल्या उताराला गुरांनी आणि शेळ्यांनी गवताचं पातं ठेवलं नव्हतं. चराई थांबवा म्हटल्यावर कोण ऐकणार? मग १९७६ पासून तिथे मातीचे छोटे बांध झाले. पण पाणी मिळू लागलं ते जमीनवाल्यांना. भूमिहीनाने शेळ्या का सोडाव्यात? तोडगा निघाला तो असा, की बांधाच्या पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा, जमीन असो वा नसो. ज्याला रान नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा. त्यानंतर डोंगराला तारेचं कुंपण लागलं नाही. लोकांनीच राखण केली.

पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचं सूत्रही याच वाटेने जातं : पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या मापाने. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. शेवटची अट काढली तर आधीच्या सगळ्या वाया जातात.

ताई, तुम्ही चर खोदायच्या आधी ठराव मागा. माळाचे तीन भाग करून एका वेळी एकच भाग बंद ठेवावा, उरलेले चराईला मोकळे. बंद भागातलं गवत विळ्याने कापून न्यायचा पहिला हक्क ज्यांची जनावरं थांबली त्यांचा. खालच्यांनी श्रमदानाला वर यावं, आणि बंधाऱ्याच्या पाण्यात वरच्या घरांचा वाटा पाळ्यांच्या संख्येत लिहावा. ‘सहकार्य करू’ असं मोघम लिहिलेला ठराव सही करण्याच्या लायकीचा नसतो. काम मात्र माथ्यापासूनच सुरू होऊ द्या. वरची माती न अडवता खाली बांध घातला तर दोन-चार पावसाळ्यांत तिथे गाळाचं मैदान होतं.

समितीबद्दल. अकरातले आठ का येत नाहीत, याचं कारण बहुधा आळस नसतं. त्यांच्या येण्याने काही ठरत नाही, हे त्यांनी ओळखलेलं असतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवणारं एक न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी उघड्यावर भरतं. न्याय देणारे म्हणजे त्या-त्या कालव्याच्या शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले शेतकरी. कामकाज सगळं तोंडी, सगळ्यांसमोर. ठरलेला वार, उघडी जागा आणि जागच्या जागी निकाल. तुमची समिती बंद खोलीत, ‘कळवू तेव्हा’ भरत असेल तर तीन जणच उरणार.

दंडही पहिल्याच चुकीला जबर नको. एलिनॉर ऑस्ट्रम यांना सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनावरील कामासाठी २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जिथे लोकांनी नियम पिढ्यान् पिढ्या टिकवले तिथे शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते, असं त्यांना दिसलं. आधी समज, मग एक पाळी बंद, मग दोन. पाळी बंद होणं पैशांपेक्षा जास्त लागतं आणि वसुलीलाही कुणाला फिरावं लागत नाही.

आणि समितीला एक ठोस काम द्या : बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायला त्याच्या दारांत बसवायच्या फळ्या. पूर ओसरला पण ओढा अजून वाहतोय, तेव्हाच फळ्या बसल्या पाहिजेत. आठवडाभर उशीर झाला की वर्षाचं पाणी गेलं. फळ्या कुणाच्या गोठ्यात आहेत, किती कुजल्या, रबराची पट्टी कितींना आहे, हे पावसाळ्यातच मोजून नावानिशी लिहून ठेवा. जी समिती बर्गे वेळेवर बसवते तिचं बाकीचंही लोक ऐकतात.

पंप धुण्याचं थोडक्यात : ओढ्यात, विहिरीच्या काठावर किंवा हापशाखाली धुऊ नका. पंप रानातच तीनदा विसळा आणि ते पाणी त्याच पिकावर फवारून टाका. रिकामे डबे भोकं पाडून निरुपयोगी करा. काठालगत काही मीटर रुंदीचा गवताचा पट्टा नांगराविना ठेवा, वाहून जाणारी माती आणि खत त्यात बरंचसं अडतं. पट्टा सोडणाऱ्याचं रान जातं, हे मान्य. न्यूयॉर्क शहराने १९९० च्या दशकात कॅट्सकिल डोंगरातल्या शेतकऱ्यांशी केलेल्या करारात शेणखताची साठवण, ओढ्याकाठची कुंपणं यांचा खर्च शहराने उचलला, कारण गाळण प्रकल्प बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. तुमच्याकडे खालच्यांनी निदान गवताचं बियाणं आणि एक दिवसाचं श्रमदान द्यावं.

पहिल्या दादांनी दाद मागायचा अर्ज तूर्त बाजूला ठेवावा. वर्षभराच्या विहिरींच्या नोंदी आणि वरच्या अंगाची मोटारी-पिकांची यादी घेऊन या, येताना वरच्या ताईंनाही बरोबर आणा. शिवारफेरीला मी येतो, सुरुवात माथ्यावरून करू.