गावच्या गायरानावर हजार झाडं लावून जंगल करायचंय, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातलं, गायरान ओसाड पडलंय, पंधरा-वीस पोरं श्रमदानाला तयार आहेत, वर्गणीही जमलीय आणि एप्रिल-मेमध्ये जेसीबी लावून खड्डे घेऊन ठेवायचेत. पोरं तयार आहेत ही मोठीच गोष्ट. जेसीबी मात्र थांबवा.

मी केज तालुक्यातला. आमचा एक लहानसा गट असल्याच माळांवर काम करतो, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. तुमचं गायरान रिकामं नाही. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल या पक्ष्यांतलं कुणीच झाडावर घरटं बांधत नाही. ते उघड्या मुरमावर नाहीतर गवताच्या बुडाशी अंडी घालतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची वीण ऐन उन्हाळ्यात असते. अंडी खड्यांच्या रंगाची असतात, पायाशी असली तरी आपल्याला दिसत नाहीत. मशिनवर बसलेल्याला काय दिसणार!

बालाघाटच्या पठारावर पाऊस बेताचा, माती वीतभर आणि खाली मुरूम. अशा जागी गवत आणि विरळ काटेरी झुडपं हेच मूळचं रान. कागदोपत्री ते पडीक ठरतं, म्हणून जो येतो तो झाडं लावायला निघतो. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा यांना लांबवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो. दाट झाडी उभी केलीत तर आहेत तेही निघून जातील. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला 1979 साली माळढोकासाठी, म्हणजे माळावरच राहणाऱ्या त्या मोठ्या पक्ष्यासाठी, अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय, आणि त्यामागे भोवतालचे माळ तुटत गेल्याचं कारण मोठं आहे. मोरांसाठी म्हणाल तर तुमच्याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, तिथली झाडी ओढ्या-डोंगराची. ती गायरानावर आणून बसवता येत नाही.

गायरान माणसांच्या बाबतीतही रिकामं नसतं. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबं पिढ्यानपिढ्या गायरान कसून खातात. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला, तरी कितीतरी जणांच्या नावावर सातबारा आजही नाही. गावातली सधन मंडळी ‘पर्यावरण’ म्हणत कुंपण घालायला निघाली की या लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. त्यांना आणि मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांना आधी विचारा. लांडगा कुठं राहतो, तितर कुठं बसतो, हे तुमच्या पोरांपेक्षा मेंढक्याला चांगलं माहीत असतं. ग्रामपंचायतीत 2002 च्या जैवविविधता कायद्याखालची समिती असते, निदान कागदावर तरी. तिच्या नोंदवहीत ही माहिती याच लोकांच्या तोंडून लिहून घ्या.

त्यानंतर गवताकडे वळा. सगळ्यांशी बोलून गायरानाचा एक तुकडा पावसाळाभर चराईला बंद ठेवा, पुढच्या वर्षी दुसरा. बी पडून गेलं की गवत विळ्यानं कापून ज्याचं त्यानं न्यावं, जनावर आत सोडू नये. नुसतं कुसळी गवतच माजलेलं दिसलं तर माळ फार चरला गेलाय असं समजा, आणि मारवेल, पवन्या, डोंगरी या गवतांचं बी जवळच्याच माळावरून गोळा करून पहिल्या पावसाआधी फेका. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी आणि बांधावर: बोर, हिवर, बाभूळ, पळस, हिंगण. गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) रोपं फुकट मिळाली तरी घेऊ नका. जनावर सहसा तोंड लावत नाही म्हणून ते जगतं, आणि जगलेल्या झाडांचा आकडा अहवालात छान दिसतो, एवढाच त्याचा मोठेपणा. समतल चरही सरसकट खोदू नका, चांगलं गवत असेल तिथं तर नकोच. जानेवारीत गावातून येणाऱ्या वाटांच्या कडेनं जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढा, कारण वणवा बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागतो.

आता श्रमदानाबद्दल. माझं विचाराल तर तुमच्या पोरांसाठी सगळ्यात निकडीचं काम गायरानाच्या बाहेर आहे. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शिवारात प्लास्टिक अंथरलेली तळी वाढली. उन्हाळ्यात खोकड, ससा, चिंकारा पाण्याला येतात, आत घसरतात, आणि गुळगुळीत प्लास्टिकवर पाय ठरत नसल्यानं बुडून मरतात. बिनकठड्याच्या विहिरींचंही तसंच. एका रविवारी शिवार फिरून अशा तळ्यांची आणि विहिरींची यादी करा. तळ्याच्या निदान दोन बाजूंना काठापासून तळापर्यंत काथ्याची जाड जाळी सोडायची आणि वर खुंटाला पक्की बांधायची. शेतकरी सहसा नाही म्हणत नाही, मेलेलं जनावर पाण्यात कुजलेलं त्यालाही नको असतं. मात्र प्लास्टिकला भोक पडणार नाही याची हमी द्यावी लागते, म्हणून जाळीला खाली दगड न बांधता वाळूची पिशवी बांधा.

जेसीबीसाठी ठेवलेली वर्गणी या जाळ्यांवर लावा. मार्च उजाडायच्या आत बसल्या तर यंदाच्याच उन्हाळ्यात उपयोगी पडतील.