घरची बैठक आधी

लोकमान्य नगर, इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. ‘काका, बैठक जिनिव्हाला आणि मी इथे पंच मशीन घेऊन कागदांना भोकं पाडतेय’ हे वाक्य काकूला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, तुम्ही तरी दुसरं काय केलंत इतकी वर्षं? खरंच आहे ते. परदेशांशी होणाऱ्या सरकारी वाटाघाटींत मंत्र्यांच्या शेजारी मी कधी बसलो नाही. मागच्या रांगेत गुडघ्यावर फोल्डर घेऊन बसायचो आणि पुढून हात मागे आला की त्या हातात नेमका कागद ठेवायचो. पण तो कागद तिथे असावा म्हणून आधीचे दोन महिने काय काय चालतं, ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आपल्याकडे लग्न ठरवायला बसतात त्यालाही बैठकच म्हणतात. ताईच्या वेळची रामबागेतली आठवते? मुलाकडच्यांचं काही अडलंच नव्हतं. याद्या निम्म्या लिहून झाल्या होत्या, आणि आपल्याच आत्याबाई मध्येच म्हणाल्या, ‘मानपान आमच्यात नसतं हो.’ तुझे बाबा नुसते बघत राहिले, कारण घरात तसं काही ठरलंच नव्हतं. सरकारी बैठकीतली आत्याबाई म्हणजे दुसरं मंत्रालय.

हवामानाचा विषय घे. चर्चेला पर्यावरण मंत्रालय जातं, पण वाक्यात कोळसा आला की कोळसा, वीज, अर्थ, अगदी मालवाहतुकीमुळे रेल्वेचासुद्धा जीव त्यात अडकतो. परराष्ट्र मंत्रालयाची काळजी निराळीच, आज इथे दिलेला शब्द उद्या न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत आपल्याच गळ्यात पडायला नको. म्हणून सगळ्यांकडे मसुदा पाठवून अमुक तारखेपर्यंत अभिप्राय मागवतात, आणि निम्म्या ठिकाणांहून ‘नो कमेंट्स’ येतं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याचा अर्थ बहुतेक वेळा फाईल उघडलीच नाही असा असतो. ती उघडते तुमचं विमान उडाल्यावर. तेव्हा उठून जा, तो विषय बघणाऱ्या सेक्शन ऑफिसरसमोर बस, चहा घे आणि एवढंच विचार की हे वाक्य मंजूर झालं तर तुमच्याकडे कुणाला त्रास होईल? खरं उत्तर तिथे मिळतं, पत्रात नाही.

मी हे शिकलो ते हसं झाल्यावर. एका बैठकीत आमच्या निवेदनात एका योजनेच्या लाभार्थ्यांचा एक आकडा होता, आणि बाहेर टेबलावर ठेवलेल्या आमच्याच दुसऱ्या खात्याच्या पुस्तिकेत वेगळा. समोरच्या शिष्टमंडळातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, यातला कुठला धरू? दोन्ही बरोबर होते. एक मार्चअखेरचा, दुसरा डिसेंबरचा. तारीख कुणीच लिहिली नव्हती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून तारखेशिवाय आकडा गेला नाही.

आता तुझं साठ पानी ब्रीफ, म्हणजे शिष्टमंडळासाठीचं टिपण. त्यातलं पहिलं पान विमानात वाचलं जाईल आणि विमानतळावरून हॉटेलला जाताना पुन्हा तेच. उरलेली एकोणसाठ कुणीतरी अचानक काही विचारलं तर लागतात. त्या पहिल्या पानावर आपल्याला काय हवं हे सगळेच लिहितात. काय सोडता येईल, हे कुणी लिहीत नाही, कारण त्याखाली सही करायची कुणाची तयारी नसते. तेवढं मात्र वरिष्ठांकडून लेखी घे. नाहीतर रात्री एक वाजता देवघेव सुरू होते आणि आपला माणूस दिल्लीला फोन लावत बसतो. दिल्लीत तेव्हा पहाट असते.

आणखी एक शीर्षक ठेव, ‘विचारल्यास’. म्हणजे आपण होऊन काढायचं नाही, पण कुणी काढलंच तर एवढंच बोलून थांबायचं. त्याखाली दोनच ओळी हव्यात. तिसरी लिहिलीस तर ती बोलली जाते.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहितो, मला तो भाग आवडायचा. 2021 च्या नोव्हेंबरमधली ग्लासगोची हवामान परिषद बघ. कोळशावरच्या विजेबद्दल मसुद्यात ‘फेज आउट’ होतं, म्हणजे बंद करत न्यायची. अगदी शेवटी आपले पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी ‘फेज डाउन’, म्हणजे कमी करत न्यायची, असा बदल वाचून दाखवला आणि तोच मंजूर झाला. भारतानं ऐनवेळी शब्द बदलला अशी ओरड झाली. शब्द मात्र ऐनवेळचा नव्हता. 10 नोव्हेंबरला अमेरिका आणि चीननं संयुक्त निवेदन काढलं होतं, त्यात चीनच्या कोळशासाठी हेच क्रियापद छापलेलं होतं. बैठक संपली 13 ला. आता त्या दोघांनी कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?

म्हणून तुझ्या फोल्डरमधला सगळ्यात मोलाचा टॅब ‘मान्य भाषा’ हा. कोणते देश याआधी कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांना हो म्हणालेत, ते त्यात लाव. क्रियापद जसंच्या तसं उतर. ‘नोंद घेतो’ आणि ‘स्वागत करतो’ हे एकच असं समजू नकोस. 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान समझोत्याची परिषदेनं फक्त ‘नोंद घेतली’. स्वीकारला नाही, कारण एकमत नव्हतं.

मसुद्यात चौकोनी कंस दिसतील. कंसातलं म्हणजे अजून न मिटलेलं. कोणता कंस कुणाचा, हे पेन्सिलीनं शेजारी लिहीत जा. आणि शांतता-मुदत आली तर झोपू नकोस! मसुदा फिरवतात आणि सांगतात, अमुक वेळेपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. आपल्या ‘मौनं संमतिलक्षणम्’चाच हा प्रकार. न्यूयॉर्कचे उन्हाळ्यातले संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच.

जुलै 2023 ला जी-20 चे कामगारमंत्री आपल्या इंदुरात आले होते. लोकांना त्यातल्या रंगवलेल्या भिंती आणि कुंड्या आठवतात, आणि त्यात वावगं काही नाही, यजमानाला तेही करावं लागतं. पण त्या वर्षीचा खरा घोळ युक्रेनवरच्या परिच्छेदांचा होता. फेब्रुवारीत बंगळुरूला अर्थमंत्र्यांचं त्यावर एकमत होईना, म्हणून संयुक्त निवेदनाऐवजी अध्यक्षांचा गोषवारा काढून वेळ निभावली. मार्चमध्ये दिल्लीत परराष्ट्रमंत्र्यांचंही तेच. परिच्छेद 3 आणि 4 रशिया आणि चीन सोडून सर्वांना मान्य, असं चक्क तळटीपेत छापलं. सप्टेंबरमध्ये नेत्यांच्या परिषदेत मात्र 83 परिच्छेदांचा जाहीरनामा एकमतानं निघाला. आपले तेव्हाचे शेर्पा, म्हणजे पंतप्रधानांच्या वतीनं वाटाघाटी करणारे, अमिताभ कांत यांनी नंतर सांगितलं की त्यासाठी 200 तासांहून जास्त वाटाघाटी, 300 द्विपक्षीय भेटी आणि 15 मसुदे लागले. मला त्यातला 300 हा आकडा महत्त्वाचा वाटतो. सभागृहात सगळ्यांसमोर माणूस आपली भूमिका वाचतो. त्याला नेमकं काय बोचतंय ते कळायला त्याच्याबरोबर एकट्यानं कॉफी प्यावी लागते.

तयारी केली म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकर हरले आणि 6 जानेवारी 1818 ला त्यांच्या वतीनं तात्या जोगांना इंग्रजांशी मंदसोरचा तह करावा लागला. हरून सोळा दिवस झालेला माणूस कलमांवर घासाघीस करून करणार किती? इंग्रजांचा प्रतिनिधी दरबारी राहील, हे त्यातच कबूल झालं. आपल्या रेसिडेन्सीवरून जाताना मला ते कलम आठवतं. तुझ्याही वाट्याला एखादं मंदसोर येईल. परत आल्यावर अहवालात ‘चर्चा फलदायी झाली’ लिहून मोकळी होऊ नकोस. काय सोडलं आणि कशाच्या बदल्यात, ते लिही. पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर बसणाऱ्या पोराला तेच लागणार आहे.

सोबत अर्धा किलो लौंग सेव पाठवतोय, ती दिल्लीत संपवू नकोस. वाटाघाटी रात्री लांबल्या की तिथलं कॅन्टीन बंद झालेलं असतं आणि मागच्या रांगेतले सगळे देश सारखेच भुकेले असतात. पुडी उघडलीस की कोण कोण जवळ येतं ते मला कळव.

तुझा,
काका