बर्फात जायचंय, गाडी कुठली घेऊ?

प्रश्न : दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे, राहायला नाशिकला. जानेवारीत बायको आणि दोन पोरांना घेऊन मनाली आणि तिथून पुढे स्पिती करायचंय, स्वतःच्या गाडीने. एसयूव्ही घ्यायचीच आहे. शोरूमवाला म्हणतो टू व्हील ड्राइव्ह घ्या, ग्राउंड क्लिअरन्स भरपूर आहे, बर्फात आरामात चालते. भाऊ म्हणतो थार घे, आपल्या नाशकातच बनते. कोणाचं ऐकू?

उत्तर : भावाचं अर्धं ऐका, शोरूमवाल्याचं अजिबात नको.

थारचा क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, 226 मिलिमीटर, साधारण एक वीत, मारुतीच्या जिम्नीचा 210. बर्फ वीतभराच्या वर गेला की गाडीचं पोट त्यावर टेकतं आणि चाकं नुसती गरगरतात, मग फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी असली तरी फावडंच काढावं लागतं. त्याच्या आतल्या बर्फात मात्र फोर बाय फोर आणि लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराने ओढणारा गिअर, लागतेच, आणि थार 2023 पासून टू व्हीलमध्येही मिळते, त्यामुळे नावावर जाऊ नका, गिअरशेजारी फोर बाय फोरचा दुसरा लिव्हर आहे का ते बघा. चौघं आणि चौघांचं थंडीचं सामान थारमध्ये कोंबावं लागेल, म्हणून मी तरी स्कॉर्पिओ-एनची डिझेल फोर बाय फोर घेईन, बागेतल्या काळ्या चिखलात पावसाळाभर कामाला येईल ते वेगळंच.

पण खरा खेळ टायरचा आहे हो. आपल्याकडचे साधे टायर 7 डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतात, आणि फोर बाय फोरने गाडी सुटते चांगली, थांबत नाही, ब्रेक मारला की सगळ्या गाड्या सारख्याच घसरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्या, नाहीतर निदान साखळ्या तरी घ्या आणि त्या चढवायची प्रॅक्टिस घरी अंगणातच करा, तिथे बोटं बधीर झाल्यावर काही जमत नाही.

डिझेल गाडी असेल तर इथून भरलेल्या टाकीवर वर जाऊ नका. थंडीत खोबरेल गोठतं ना, तसं डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, वरच्याच पंपावर हिवाळी डिझेल मिळतं का विचारा. रात्री हँडब्रेक ओढू नका, चिकटून बसतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. अडकलात आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलंत तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी उकरा, नाहीतर विषारी धूर आत येतो.

आणि मुख्य म्हणजे जानेवारीत मनालीहून स्पिती होतच नाही, वाटेतली कुंझुम खिंड हिवाळाभर बंद असते, शिमला-किन्नौरकडून जावं लागतं. पहिल्याच वेळी पोरांना घेऊन तो रस्ता नको, अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जा, तेही बर्फ जास्त पडला असेल तर तिथलीच फोर बाय फोर ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या.

बाकी जानेवारीत, ऐन तोडणीच्या तोंडावर बाग सोडून निघताय कसे, ते घरी एकदा विचारून घ्या!