‘मला कुणाचाच पास नको, गावी जातो’

करोनाचे निर्बंध उठून काळ लोटला, तरी एक प्रश्न माझ्याकडे अजून येतो. बहुतेक वेळा बायकोकडून, कधी आईकडून. घरातला कमावता माणूस म्हणतो, ‘काल लशीचं सर्टिफिकेट मागितलं, उद्या आणखी कशाचं मागतील. मला या सगळ्यात राहायचंच नाही. गावी जमीन आहे, पिकवू आणि खाऊ.’ घरच्यांना कळत नाही की याला समजवायचं, अडवायचं की मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं.

बदलापूरचं एक जोडपं 2022 च्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे आलं होतं. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. नवरा चाळिशीचा, फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळणारा. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना खुली झाली, पण दोन्ही डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांनाच. यांनी एकही घेतला नव्हता. एप्रिलमध्ये करोना होऊन गेला होता, त्यामुळे ‘घाई कशाला’ म्हणत थांबले. थांबण्याच्या त्या दिवसांत मोबाइलवर नको ते मेसेज वाचून शंकेची खात्री झाली. मग बस, शेअर रिक्षा, पुन्हा बस. रोज उशीर, पगारात कपात, साहेबांचे टोमणे. हिवाळ्यात नोकरी सोडली.

बाई पिशवीतून कागदांची चळत काढू लागल्या. लस किती परिणामकारक आहे याचे तक्ते, बातम्यांची कात्रणं. मी ते आत ठेवायला सांगितलं. वर्षभर घरात हाच वाद चालला होता आणि प्रत्येक तक्त्याला यांच्याकडे लशीच्या सक्तीविरोधातला एक व्हिडिओ तयार होता. फ्रान्समध्ये जुलै 2021 पासून दर शनिवारी निघणारे मोर्चे, इटलीत ऑक्टोबरात कामावर जायलाही ‘ग्रीन पास’ (लस, चाचणी किंवा करोनातून बरं झाल्याचा दाखला) लागू झाल्यावर त्रिएस्तेच्या बंदरात बसलेले गोदी कामगार, न्यूझीलंडच्या संसदेसमोरच्या हिरवळीवरचे तंबू. सगळं तारखांसकट पाठ. माझं सामान्यज्ञान त्या तासाभरात बरंच वाढलं.

मी विचारलं, ‘हे सगळं बघायला कधीपासून लागलात?’

बराच वेळ गप्प बसले. मग मॉलचा प्रसंग सांगितला. मुलीच्या वाढदिवसाला तिला घेऊन गेले होते. अठरा वर्षांखालच्यांना वयाचा पुरावा दाखवून प्रवेश होता, बायकोचे दोन्ही डोस झालेले. दोघी आत गेल्या. रखवालदाराने यांना हाताने बाजूला केलं आणि मागच्या रांगेला पुढे घेतलं. मुलीने काचेतून हात हलवला. ‘मी चोर असल्यासारखा तिथे उभा होतो,’ ते म्हणाले. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या आठवणीत तो दिवस ‘हे उगाच रुसून बसले’ असा होता.

अशा माणसाशी बोलताना घरचे तीन गोष्टींची एकच मोळी बांधतात: झालेला अपमान, लशीबद्दलचं मत आणि गावी जायचा बेत. मग लशीचं मत चुकीचं म्हणून अपमानही खोटा ठरतो, बेतही वेडगळ ठरतो. माणूस अधिकच आत जातो.

मी त्यांच्यापासून माझं मत लपवलं नाही. मी लस घेतली आहे, लशीने पुष्कळ जीव वाचवले असं मानतो. पण लस चांगली असणं आणि ती न घेणाऱ्याची लोकल बंद करणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही 2 मे 2022 च्या निकालात ते वेगळेच ठेवले: सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी नाही, पण कुणावर लस घेण्याची सक्ती करता येणार नाही आणि तेव्हाच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत. यांना त्यातलं अर्धंच माहीत होतं, बाईंना उरलेलं अर्धं. त्यांची भीती हवेतून आली नव्हती, हेही मी बाईंना सांगितलं. नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकही डोस न घेतलेल्यांना पेट्रोल आणि रेशन देऊ नका, असा आदेश काढला होता. असं वाचल्यावर धान्य साठवावंसं वाटणं हा आजार म्हणता येत नाही.

बेताचं काय? माणगाव तालुक्यात वडिलोपार्जित जमीन, सातबाऱ्यावर वडील आणि दोन काका. मी ‘जाऊ नका’ म्हटलं नाही. म्हटलं, ‘तुम्ही हिशेबातले, वर्षाचा ताळेबंद मांडून आणा.’ पुढच्या वेळी आणला, आणि अतिशय चोख. वाट्याच्या भातशेतीतून चौघांचा वर्षाचा तांदूळ पुरता निघत नव्हता. तेल, डाळ, मीठ, वीजबिल, मुलीची फी हे सगळं रोखीचं. ‘आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या शेतात उगवत नाहीत,’ हे त्यांचंच वाक्य. मी काही बोललो असतो तर ते त्यांनी खोडून काढलं असतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम होतो. धाकट्या मुलाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिला होता. ‘आता सरकारी सुई नको’ म्हणून यांनी थांबवलेला. तेव्हाच, 2022 च्या अखेरीस, मुंबईत गोवराची साथ होती, मुलं दगावत होती. मोठ्यांनी स्वतःपुरतं काय ठरवायचं ते ठरवावं, दीड वर्षाच्या पोराला त्यात ओढू नये, हे मी स्पष्ट सांगितलं. कुणाचं ऐकाल, असं विचारल्यावर त्यांनी मुलीच्या बालरोगतज्ज्ञांचं नाव घेतलं. त्या डॉक्टरांनी दवाखाना संपल्यावर यांना बसवून घेतलं आणि विचारतील ते सगळं ऐकलं. पुढच्या आठवड्यात हेच मुलाला घेऊन गेले.

2023 च्या पावसात ते लावणीला गावी गेले. एकट्याने लावणी होत नाही, हे तिथे गेल्यावरच कळतं. भावकीतल्या ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद होतं, त्याच्याकडेच सावडीला जावं लागलं. आधी त्याचं शेत, मग यांचं. लेप्टोच्या गोळ्या घेऊन आशाताई बांधावर आल्या तेव्हा यांनी त्यांना प्रश्नांनी भंडावलं, आणि गोळी घेतली. पुढे विळ्याने बोट कापलं तेव्हा आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शनही. ‘कसला पुरावा मागितला नाही त्यांनी,’ हे मला फोनवर मुद्दाम सांगितलं. करोनाची लस त्यांनी आजही घेतलेली नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. झोपच उडाली, घरचेच अन्नात काही घालतात किंवा शेजारी पाळत ठेवतात असं वाटू लागलं, आईची औषधंही बंद केली, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर ताळेबंद वगैरे बाजूला ठेवून सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. पटकन कुणी भेटत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

या घराने मधला तोडगा काढला. बायको-मुलं बदलापुरात, शाळा तिथेच. हे आठवड्यातले चार दिवस डोंबिवलीत दोन दुकानांचे हिशेब लिहितात, उरलेले दिवस माणगावला. भात झालं, आता वाल आणि थोडी भाजी. येण्या-जाण्यासाठी जुनी गाडी घेतली आहे आणि सध्या त्यांचा सगळा राग फास्टॅगवर आहे. आपण कुठे जातो हे त्यांना का कळावं, असं परवा बायकोला विचारत होते.

‘मग एसटीने जा,’ त्या म्हणाल्या.