वाचकांचे प्रश्न : पतंगांचे निरीक्षण आणि छायाचित्रण

पावसाळा सुरू झाल्यापासून नाशिक शहर आणि जिल्ह्यातील वाचकांकडून पतंग या कीटकांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर रात्री पडदा लावून पतंग पाहण्याचा विचार आहे. दिवा कोणता वापरावा, रात्र कोणती निवडावी आणि शहरात काही दिसेल का? (एक वाचक, नाशिक)

शहरातही बरेच दिसते. कण्हेर, तगर आणि सदाफुली ज्या सोसायटीच्या आवारात आहेत, तेथे हिरव्या नक्षीचा ऑलिअँडर हॉक मॉथ येण्याची चांगली शक्यता असते, कारण त्याची अळी याच झाडांवर वाढते. पडदा म्हणून पांढरी सुती चादर दिव्यासमोर दोरीवर अशी बांधावी, की तिची खालची कड जमिनीवर दोन-तीन फूट पसरेल. पुष्कळ पतंग उभ्या पडद्यावर न बसता खालीच उतरतात आणि नेमके तेच पायाखाली येतात. पूर्वी या कामासाठी १६० वॉटचा मर्क्युरी दिवा सर्रास वापरला जाई. त्यातून अतिनील किरण भरपूर मिळतात, पण तो फार तापतो आणि पावसाचा एखादा थेंब पडला तरी त्याची काच तडकू शकते. गच्चीवर पॉवर बँकेवर चालणारा अतिनील एलईडी दिवा पुरेसा होतो. कोणत्याही अतिनील दिव्याकडे थेट पाहत राहू नये आणि असे किरण अडवणारा चष्मा जवळ ठेवावा. घरातील पिवळसर एलईडी बल्बवर फारसे पतंग येत नाहीत.

रात्र निवडताना पंचांग उपयोगी पडते. चांदणे असले की पडद्यावरची गर्दी रोडावते, म्हणून अमावस्येच्या आसपासची, उबदार, दमट आणि वारा नसलेली रात्र उत्तम. आषाढातील दिव्याची अवस अनेक वर्षी जुलैच्या उत्तरार्धात येते आणि २०१२ साली अमेरिकेतील न्यू जर्सीतून सुरू झालेला ‘नॅशनल मॉथ वीक’ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच असतो; भारतातील निरीक्षकही त्यात नोंदी पाठवतात. अंधार पडल्यापासून दहापर्यंत लहान पतंगांची वर्दळ असते, तर मोठ्या आकाराचे अनेक पतंग मध्यरात्रीनंतर येतात, त्यामुळे जेवणाआधी तासभर डोकावून ‘आमच्याकडे काहीच नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जे पतंग दिव्याला भुलत नाहीत, त्यांच्यासाठी अतिपक्व केळी आणि गूळ एकत्र आंबवून झाडाच्या खोडाला लावता येतो. त्यात थोडी वाईन घातली तर अधिक चांगले, आणि नाशिककरांना तिचा शोध घ्यावा लागणार नाही.

दिवा पहाटेपूर्वी मात्र अवश्य बंद करावा. उजाडेपर्यंत पडद्यावर बसून राहिलेले पतंग बुलबुल, कोतवाल आणि पालींच्या हाती आयते सापडतात. चादर झुडपांवर हलकेच झटकावी आणि एकाच जागी रोज दिवा लावू नये.

प्रश्न : पतंग दिव्याकडे का ओढले जातात? (एक विद्यार्थिनी, पंचवटी)

ते चंद्राच्या आधाराने दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजतात, असे स्पष्टीकरण अजूनही अनेक ठिकाणी दिले जाते. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. उडणारे कीटक उजेडाच्या दिशेला पाठ करतात. मोकळ्या आकाशाखाली उजेड वरून येत असल्याने त्यांचा तोल त्यामुळे सावरतो; जवळचा दिवा मात्र बाजूला किंवा खाली असला की तीच सवय त्यांना त्याच्याभोवती गरगर फिरवते. म्हणजे पतंग ओढला जाण्यापेक्षा अडकतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

प्रश्न : माझ्याकडे १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आहे. तरीही छायाचित्रांत चादर करडी आणि पतंग काळपट येतो. शिवाय जाणकारांना चित्र पाठवले, तर ‘यावरून ओळख पटणार नाही’ असे उत्तर मिळते. काय चुकते? (एक वाचक, इंदिरानगर)

पहिली अडचण कॅमेऱ्यातील उजेड मोजणाऱ्या मीटरची आहे. समोर बहुतेक भाग पांढरा असल्यामुळे मीटर तो उजेड जास्त समजून चित्र काळवंडते; म्हणून एक्स्पोजर एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवावे. लेन्सचे छिद्र एफ/८ ते एफ/११, शटर सेकंदाचा १/१६० ते १/२०० भाग आणि फ्लॅशवर डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारे आवरण), एवढ्यावर बहुतेक पतंग नीट टिपता येतात. डिफ्यूझर नसल्यास फ्लॅशचा प्रकाश पंखांवरील खवल्यांवरून थेट परततो आणि नक्षी पुसट होते.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. सुंदर चित्र आणि ओळख पटवणारे चित्र यांत फरक असतो; तिरक्या कोनातून पार्श्वभूमी धूसर करून काढलेले चित्र भिंतीवर शोभते, पण त्यात पंखांच्या रेषा आणि ठिपके यांचे परस्परांतील अंतर कळत नाही. त्यामुळे पहिले चित्र लेन्स पंखांच्या पृष्ठभागाला समांतर धरून अगदी वरून घ्यावे, दुसरे बाजूने आणि तिसरे स्पर्शिका (डोक्यावरच्या मिशा) स्पष्ट दिसतील असे समोरून. स्पर्शिका धाग्यासारख्या आहेत की पिसासारख्या, यावरून कूळ ओळखण्यास मदत होते आणि काही जातींत नर-मादीही ओळखता येतात. बसल्यावर पुढचे पंख मागच्या पंखांना झाकत असतील, तर पतंग उडण्यापूर्वी पंख थरथरवतो त्या क्षणाची वाट पाहावी, कारण पुष्कळ जातींची खूण मागच्याच पंखावर असते. आकार समजण्यासाठी एका चित्रात शेजारी मोजपट्टी ठेवावी. पतंगाला उचलून सुरेख पानावर बसवून चित्र काढण्याची पद्धत मला पटत नाही. ते पान त्याच्या अळीचे खाद्य आहे असा गैरसमज पाहणाऱ्याचा होतो. तसे केलेच, तर नोंदीत स्पष्ट लिहावे.

चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण, दिव्याचा प्रकार आणि हवामान लिहिलेले असावे. आपल्या जिल्ह्यात हे विशेष गरजेचे आहे. त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीकडे पाऊस धुवाधार पडतो, तर येवला-नांदगावचा पट्टा कोरडा राहतो. दोन्हीकडची वनस्पती वेगळी आणि त्यामुळे पतंगही वेगळे, तेव्हा नुसते ‘नाशिक’ लिहिल्याने अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही. एवढे करूनही काही गटांत जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय जात ठरत नाही. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत हे लक्षात घेता, कुळापर्यंत किंवा प्रजातीगटापर्यंत येऊन थांबण्यात कमीपणा नाही. ओढूनताणून लावलेले नाव आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन मंचावर पुढच्या माणसालाही चुकीच्या वाटेने नेते.

प्रश्न : आमच्या भिंतीवर फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथ दिवसभर बसून आहे. साखरेचे पाणी ठेवले, पण तो पीत नाही. आजारी असेल का? (एक गृहिणी, इगतपुरी)

तो आजारी नाही. या पतंगाच्या प्रौढावस्थेत तोंडाचे अवयव निकामी असतात. अळी असताना साठवलेल्या अन्नावर तो साधारण आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात प्रजनन उरकतो. साखरेचे पाणी काढून घ्यावे, छायाचित्र घ्यावे आणि त्याला तेथेच राहू द्यावे. ती मादी असेल, तर तिच्या गंधाने रात्री नर येण्याचा संभव आहे.

प्रश्न : शाळेच्या संग्रहासाठी मुलांनी पतंग पकडून टाचणीने लावावेत का? (एक शिक्षक, पेठ तालुका)

माझ्या मते लावू नयेत. शिवाय वनक्षेत्रातून कीटक गोळा करण्यासाठी आणि रात्री तेथे थांबण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. त्याऐवजी शाळेच्या परिसरातील एखादी अळी, ती ज्या झाडावर सापडली त्याच झाडाच्या ताज्या पानांसह, मलमलीने तोंड बांधलेल्या बरणीत वाढवावी. काही जातींची अळी मातीत शिरून कोष करते, म्हणून तळाशी ओलसर माती असावी. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात सागाच्या पानांची जाळी झालेली मुलांनी पाहिलेलीच असते. ती ज्या अळ्या करतात, त्यांपासूनच आरंभ करता येईल. बरणीतून बाहेर पडलेल्या पतंगाचे छायाचित्र आणि त्याच्या खाद्यवनस्पतीचे नाव, ही जोडी टाचणीवरच्या पतंगापेक्षा कितीतरी मोलाची आहे. केसाळ अळ्यांना मात्र मुलांनी हात लावू नये. त्यांच्या केसांनी त्वचेची आग होते.

प्रश्न : पिकत आलेल्या डाळिंबांना टाचणीएवढी छिद्रे पडून फळे सडत आहेत. हे पतंगांचे काम आहे का, आणि बागेत पडदा लावून ते पाहता येतील का? (एक शेतकरी, सटाणा)

वर्णनावरून रस शोषणाऱ्या पतंगांचा संशय येतो. त्यांची सोंड टणक आणि खरखरीत असल्याने पिकत्या फळाची साल ती भेदते आणि त्या छिद्रातून बुरशी आत शिरते. पुढचे पंख वाळक्या पानासारखे असतात, मागचे पिवळे-नारिंगी आणि त्यांवर काळे ठिपके किंवा पट्टे. याउलट फळात शिरून आतून पोखरणारी अळी एका फुलपाखराची असते आणि तिच्या छिद्रातून विष्ठा बाहेर येते. एक फळ कापून पाहिले की उलगडा होईल.

बागेत पडदा लावू नये, त्याने नको असलेल्या किडीही जमा होतील. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन ओळींतून हळूहळू फिरावे. फळावर बसलेल्या या पतंगांचे डोळे उजेडात चमकतात आणि सोंड खुपसलेली असताना ते सहसा पटकन उडत नाहीत, त्यामुळे मोबाइलनेही चित्र मिळते. त्यांच्या अळ्या डाळिंबावर नसतात, बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. तेव्हा बांधही तपासावा आणि पिकण्यापूर्वीच फळांना कागदी पिशव्या घालाव्यात. मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यांत केवळ विशिष्ट जातींचे नर येतात, म्हणून दुसऱ्या किडीसाठी टांगलेल्या सापळ्यावर येथे विसंबू नये.