सफारीचे पैसे वाघापर्यंत पोचतात का?

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही घरचे सहा जण ताडोबाला जाऊन आलो, मोहर्ली गेटला एंट्री, जिप्सी, गाईड मिळून बऱ्यापैकी खर्च झाला, वाघीण दिसली त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. पण आता मुलगी विचारतेय, यातले वाघाला किती मिळाले? आणि वेगळी मदत करायची तर कुणाला द्यायची? – एक वाचक, नाशिक

उत्तर: छान विचारलंय मुलीने. जिप्सीचे पैसे गाडीवाल्याला, गाईडची फी गाईडला, बहुतेक जण आजूबाजूच्या गावातलेच असतात. एंट्री फी जाते ताडोबाच्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानकडे. 2006 साली वन्यजीव कायदा बदलला तेव्हापासून प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला असं प्रतिष्ठान असतं, म्हणजे गेटचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता तिथल्या तिथे वापरता येतो. प्रोजेक्ट टायगरचा, म्हणजे केंद्राच्या वाघ वाचवण्याच्या योजनेचा निधी वेगळा, त्यात नेहमीच्या खर्चाला केंद्र आणि राज्य निम्मं-निम्मं देतं. फक्त गेटच्या भरवशावर राहूनही चालत नाही हो, 2020 ला लॉकडाऊनमध्ये सफारी बंद पडली, गस्त थोडीच बंद ठेवता येते?

मला खरी काळजी आहे बफरची, म्हणजे मधल्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याची. ते मधलं जंगल, म्हणजे कोअर, 625 चौरस किलोमीटर, बफर त्याहून बराच मोठा आणि त्यात गावं, धानाची शेतं. एका शेतकरीदादांनी मला त्यांचं मचाण दाखवलं होतं, वर गोधडी, टॉर्च आणि डुकरं हाकलायला वाजवायचा तेलाचा रिकामा डबा, पीक निघेपर्यंत रोज रात्री तिथेच. असं जागून जागून माणूस थकतो, मग कुणीतरी डुकरासाठी तारेत लाइनचा करंट सोडतो आणि त्याला चिकटून वाघ मरतो, कधी माणूसही. सोलर कुंपणाचा नुसता झटका बसतो, जीव जात नाही. राज्याच्या जनवन विकास योजनेत सोलर कुंपणाला अनुदान आहे, पण उरलेला हिस्सा शेतकऱ्यालाच घालावा लागतो आणि पेरणीच्या तोंडावर तेवढेही हातात नसतात.

म्हणून मदत करायचीच तर प्रतिष्ठानला रीतसर पावती घेऊन द्या, कायद्याने त्यांना देणगी घेता येते, आणि बफरमधल्या गावांसाठी वापरा असं सोबत लिहून कळवा. एखाद्या फेमस वाघाच्या फोटोखाली कुणी क्यूआर कोड टाकला म्हणून लगेच पैसे पाठवू नका. पुढच्या वेळी आगरझरी किंवा देवाडा अशा बफर गेटचं बुकिंग करून बघा, मुक्काम गावातच कुणाच्या घरी करा, जेवण तिथलंच घ्या आणि मुलीला ते मचाण नक्की दाखवा.